साइन लहर, 'खट्' आणि शांतता: या संगीतात विज्ञान नेमके कुठे असते?

अर्धस्वर

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत मी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका अगदी टोकाच्या शाखेकडे ओढली गेले आहे. जपानचा रिओजी इकेदा, जर्मनीचा कार्स्टन निकोलाय (तो 'अल्वा नोटो' या नावाने ध्वनिमुद्रणे काढतो), फिनलंडचा दिवंगत मिका वायनिओ अशी नावे या शाखेत पुन्हा पुन्हा भेटतात. यात गाणे नसते, चाल नसते, बहुतेक वेळा ओळखू येईल असे वाद्यही नसते. एखादी शुद्ध साइन लहर (म्हणजे एकाच वारंवारतेचा, भेसळ नसलेला स्वर), तिच्यावर सुईच्या टोकाएवढे बारीक 'खट्', मग काही काळ काहीच नाही, आणि नंतर पुन्हा तेच, पण केसभर सरकलेले.

पहिल्यांदा ऐकले ते मोबाइलच्या स्पीकरवर, आणि दीड मिनिट काहीच न वाजल्यामुळे फाइल बिघडली आहे असे समजून मी ती बंद केली. दुसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकले तेव्हा जे झाले ते अद्याप डोक्यातून गेलेले नाही. ध्वनिमुद्रण संपता संपता काहीतरी एकदम थांबल्यासारखे वाटले, बराच वेळ फिरणारा पंखा बंद झाला की वाटते तसे, आणि तेव्हा कुठे लक्षात आले की इतका वेळ एक अतिउंच, बारीक स्वर चालू होता. चालू असताना तो मला एकदाही जाणवला नव्हता. बंद पडला म्हणून जाणवला. हा अनुभव संगीताचा म्हणावा की कानाच्या तपासणीचा, हे मला ठरवता येईना.

माझी खरी अडचण पुढची आहे. या संगीतासोबत येणाऱ्या वर्णनांत डेटा, गणित, डीएनए, कणभौतिकी असे शब्द सढळ हाताने पेरलेले असतात. इकेदाला २०१४ साली सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची कलाकार-निवासवृत्ती मिळाली होती, म्हणजे हा संबंध अगदीच हवेतला नसावा हेही समजते. परंतु डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाला त्या आवाजात विज्ञान ऐकू येते का, की ते केवळ वेष्टनावर छापलेले असते? वर्णन वाचलेच नसते तर मला काय कळले असते?

याला जोडून दोन लहान प्रश्न. हे संगीत ऐकावे कसे, आणि स्वतः करून पाहायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी? हौसेपुरते ध्वनिसंपादन मला येते, प्रोग्रॅमिंग फारसे येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आनंद होईल.

तरंगलांबी

तुमचा पंख्याचा दाखला नेमका आहे, आणि तुमच्या कानांनी काही चूक केलेली नाही. इकेदाच्या १९९६ सालच्या, अधिक-उणे ही चिन्हेच शीर्षक म्हणून वापरणाऱ्या अल्बमच्या अखेरीस हीच योजना आहे: एक अतिउंच स्वर असा ठेवलेला आहे की तो नाहीसा झाल्यावरच ऐकणाऱ्याला त्याचे भान यावे. जे बदलत नाही त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोचवणे आपली श्रवणयंत्रणा हळूहळू कमी करते; बदल झाला की मात्र ती तत्काळ जागी होते. संगीतकाराने इथे काय केले आहे ते पाहा. त्याने स्वर रचलेला नाही, स्वराचा अभाव रचला आहे, आणि तो अभाव घडवण्याचे साहित्य तुमच्या मज्जासंस्थेतून घेतले आहे. तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर यातच आले. या शाखेतील चांगल्या कामांत विज्ञान असते ते श्रवणाचे आणि ध्वनिशास्त्राचे, आणि ते वर्णन न वाचताही ऐकू येते, कारण ते तुमच्याच कानात घडत असते.

दुसरी गोष्ट खोलीची. हेडफोनने सुरुवात झाली हे ठीक, पण या संगीताचा निम्मा भाग खोलीशिवाय ऐकताच येत नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी ३.४३ मीटर होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण तेवढेच अंतर असेल, तर जाणारी आणि परतणारी लहर मिळून स्थिर तरंग तयार होतो. अशा खोलीत तो स्वर भिंतीलगत आणि मध्यभागी भरदार ऐकू येतो, आणि भिंतीपासून सुमारे ८५ सेंटिमीटरवर, जिथे शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत दाबाचा निस्पंद असतो, तिथे जवळजवळ नाहीसा होतो. दोन पावले चाललात की स्वर बुडतो, आणखी दोन चाललात की वर येतो. आता वारंवारता १०,००० हर्ट्झ करा. तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरांहून कमी होते, आणि नुसती मान वळवली तरी आवाज चमकल्यासारखा बदलतो. इकेदाचा २००० सालचा 'मेट्रिक्स' हा अल्बम याच तत्त्वावर उभा आहे. ध्वनिमुद्रणात फारसे काही घडत नाही; जे घडते ते ऐकणाऱ्याच्या हालचालीमुळे घडते, आणि म्हणून दोन माणसांना एकाच खोलीत एकाच वेळी एकच रचना मिळत नाही.

ही कल्पना डिजिटल युगाच्या आधीची आहे, हे मुद्दाम सांगतो. अमेरिकन संगीतकार ला माँट यंग आणि प्रकाशकलाकार मारियन झझीला यांनी न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या 'ड्रीम हाउस'मध्ये साइन लहरींचा एक अखंड संच वाजत असतो. त्यात काळानुसार काही बदलत नाही, जागेनुसार बदलते. हे दोघे १९७०पासून किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. तंबोऱ्याजवळ कान नेऊन त्याच्या तारांतून वरचे स्वर कसे फुटतात हे ज्याने ऐकले आहे, त्याला एकाच न बदलणाऱ्या आवाजात इतका वेळ काय ऐकायचे, हा प्रश्न पडू नये.

आता मोबाइलविषयी. त्याचा स्पीकर इतका लहान असतो की काही शे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच त्यातून बाहेर पडत नाही. त्यातून फाइल दाबून लहान केलेली असेल, तर वरचा भागही कापला जातो. १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइलमध्ये साधारणपणे १६,००० हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही. गायकाच्या ध्वनिमुद्रणात हे चालून जाते, कारण गाण्याचा जीव मधल्या पट्ट्यात असतो. ज्या रचनेत ५० हर्ट्झचा एक स्वर, १६,५०० हर्ट्झचा दुसरा आणि मध्ये शांतता एवढेच आहे, तिच्यातले सगळे नेमके या दोन टोकांनाच असते. तुमची फाइल बिघडलेली नव्हती. ती तुमच्या मोबाइलच्या आवाक्याबाहेर वाजत होती.

एक सावधगिरी. शुद्ध उंच स्वर मोठ्या आवाजातही तितका मोठा वाटत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत राहतो. हेडफोनचा आवाज आधी एखाद्याचे साधे बोलणे लावून ठरवावा आणि नंतर त्याला हात लावू नये. १५,००० हर्ट्झच्या पुढचे ऐकू येत नसेल तर वाईटही वाटून घेऊ नये. वयानुसार वरचे टोक सर्वांचेच झिजते. माझे झिजले आहे, आणि काही रचनांतला काही भाग मला फक्त पडद्यावरच्या आलेखातच दिसतो.

साशंक

'तरंगलांबी' यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यांनी प्रश्नाचा सोपा अर्धा भाग घेतला आणि अवघड भाग सोडून दिला. धागालेखिकेने विचारले आहे ते डेटाविषयी. श्रवणशास्त्र या संगीतात आहे हे मान्य. परंतु वर्णनात डीएनए आणि कणभौतिकी लिहिलेले असते, त्याचे काय?

माझे मत रोखठोक आहे: आकड्यांना स्वतःचा आवाज नसतो. कोणत्या आकड्याला कोणता स्वर द्यायचा हे कुणीतरी ठरवते, आणि संगीत त्या ठरवण्यात असते. या क्षेत्रातले एक जुने आणि प्रामाणिक उदाहरण घेतो. चार्ल्स डॉज या अमेरिकन संगीतकाराने १९७० साली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आधारलेली एक संगणकीय रचना केली. त्याने १९६१ या वर्षातला 'केपी' निर्देशांक घेतला. सौर वाऱ्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती खळबळते याचे दर तीन तासांचे मोजमाप म्हणजे हा निर्देशांक, आणि त्याच्या पायऱ्या २८ असतात. डॉजने त्या चार सप्तकांवर बसवल्या. सात गुणिले चार म्हणजे अठ्ठावीस. गंमत अशी की, हा निर्देशांक मांडणाऱ्या युलिउस बार्टेल्स या भूभौतिकशास्त्रज्ञाच्या तक्त्यांना आधीपासूनच 'संगीत-आलेख' म्हणत असत, कारण ते स्वरलिपीसारखे दिसतात. म्हणजे रचना सुचली ती सूर्यामुळे की तक्त्याच्या चित्रामुळे? आणि तिचे स्वर कानाला गोड लागतात ते पृथ्वीमुळे की सात स्वरांच्या सप्तकामुळे? पृथ्वीला सप्तक ठाऊक नाही. ते डॉजने दिले, आणि तेवढ्यापुरता तो संगीतकार आहे.

याच्या उलट टोकाला गुरुत्वीय लहरी आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतील वेधशाळेच्या यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा जो संकेत टिपला, त्याची वारंवारता सुमारे ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. ही वारंवारता मुळातच माणसाच्या श्रवणकक्षेत आहे. इथे कुणाला सप्तक निवडावे लागले नाही. संकेत स्वच्छ करून स्पीकरला जोडला की एक वर चढत जाणारा, टिपकागदावर थेंब पडावा तसा छोटासा आवाज ऐकू येतो. (नीट ऐकू यावा म्हणून पुष्कळदा तो वरच्या पट्टीत सरकवूनही ऐकवतात, पण ती केवळ सोय.) गायगर गणकाची टिकटिकही अशीच: नळीत एक कण नोंदला गेला की एक 'टिक'. किरणोत्साराची अनियमितता, म्हणजे कोणता ठोका कधी पडेल याचा काहीही भरवसा नसणे, ती टिकटिक ऐकून जितकी पटते तितकी ती सूत्र वाचून पटत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. त्याच रचनेत खऱ्या डेटाऐवजी कसेही निवडलेले आकडे घातले, तर कानाला फरक कळेल का? कळत असेल तर विज्ञान आवाजात आहे. कळत नसेल तर ते वेष्टनावर आहे, आणि या शाखेतील बरीच कामे माझ्या मते दुसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे ती वाईट ठरत नाहीत. ग्रीक-फ्रेंच संगीतकार यानिस झेनाकिसने १९५५-५६ साली 'पिथोप्राक्ता' या वाद्यवृंदरचनेत तंतुवाद्यांच्या घसरत्या स्वरांचे वेग वायूच्या रेणूंच्या वेगांप्रमाणे वाटून दिले. प्रत्येक रेणू कुणाला ऐकू येत नाही, पण एक ढग ऐकू येतो, आणि ढगाची घनता बदललेली स्पष्ट कळते. तिथे विज्ञानाने आकार दिला, नुसते नाव दिले नाही.

ठिपका

'साशंक' यांची कसोटी मला आवडली, पण ती डेटापुरती ठेवावी. मी ध्वनीची सॉफ्टवेअर लिहितो आणि फावल्या वेळात असलेच आवाज करत बसतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. करून पाहताना पहिल्या प्रश्नाचेही उत्तर हाती लागते, असा माझा अनुभव आहे.

कोणत्याही ध्वनिसंपादकात १००० हर्ट्झची साइन लहर तयार करा. तिचा १०० मिलिसेकंदांचा तुकडा कापा. त्यात १०० आवर्तने असतील आणि एक स्वच्छ, आखूड स्वर ऐकू येईल. आता १० मिलिसेकंदांचा कापा. दहा आवर्तने उरतात, आणि स्वराची पट्टी अजून ओळखता येते, पण तो एखादी लहान लाकडी वस्तू टेबलावर आपटावी तसा वाटू लागतो. मग १ मिलिसेकंद. एकच आवर्तन, आणि स्वर गेला. उरले ते 'खट्'. शेवटी आलेख मोठा करून फक्त एक सॅम्पल, म्हणजे डिजिटल ध्वनीतले एकच मोजमाप ठेवा, बाकी सगळे शून्य. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील तर हा आवाज एका सेकंदाच्या ४४,१००व्या भागाएवढा, म्हणजे सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि तरीही तो ऐकू येतो. त्याला पट्टी नाही, कारण त्याच्यात सगळ्या पट्ट्या आहेत.

हे असे का होते? ध्वनी जितका आखूड, तितकी त्याची वारंवारता पसरट. काळ आणि वारंवारता ही दोन्ही एकाच वेळी अचूक पकडता येत नाहीत. हंगेरियन-ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर याने १९४० च्या दशकात पुंजभौतिकीतले गणित ध्वनीला लावून हे मांडले आणि ध्वनीचे सूक्ष्म 'पुंज' कल्पिले. त्याला पुढे १९७१ साली नोबेल मिळाले ते होलोग्राफीसाठी, पण ध्वनिसंयोजन करणारे लोक त्याला या पुंजांमुळे ओळखतात. आज ज्याला ग्रॅन्युलर संश्लेषण म्हणतात, म्हणजे १ ते १०० मिलिसेकंदांच्या हजारो कणांतून आवाजाचे ढग उभे करणे, त्याचे मूळ तिथे आहे. झेनाकिसने ते प्रथम ध्वनिफितीचे तुकडे जोडून केले. अमेरिकन संगीतकार कर्टिस रोड्स याने १९७० च्या दशकात ते संगणकावर आणले. तुमच्या हातातला एक मिलिसेकंदाचा 'खट्' म्हणजे तो सिद्धान्तच आहे, आणि त्याला वर्णनपत्रकाची गरज नाही.

दुसरा प्रयोग. तोच 'खट्' सेकंदाला पाच वेळा वाजवा. ठोके मोजता येतील. दहा केले तर मोजता येणार नाहीत, पण वेगळे कळतील. विसाच्या आसपास ते एकमेकांत मिसळू लागतात, आणि पन्नासला तुमच्यापुढे लय नसते, एक खर्जातला खरखरीत स्वर असतो. लय आणि स्वर या दोन वेगळ्या वस्तू नसून एकाच मापपट्टीवरचे दोन प्रदेश आहेत, हे जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनने १९५८ ते १९६० दरम्यान केलेल्या 'कोन्टाक्टे' या रचनेत एका उतारावर सलग ऐकवले आहे: एक स्वर वळसे घेत खाली येतो, आणि उतरता उतरता त्याचे सुटे ठोके होतात. त्याला त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि फितींसोबत दीर्घ काळ घालवावा लागला. आज हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि म्हणूनच करून पाहिल्यावर पुढे काय करायचे हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे.

साधनांविषयी थोडक्यात: मिलर पकेट याने लिहिलेले 'प्युअर डेटा' आणि जेम्स मकार्टनी याने १९९६ साली आणलेले 'सुपरकोलायडर', दोन्ही विनामूल्य आहेत. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर पहिले घ्यावे. त्यात चौकोन काढून तारांनी जोडायचे असतात.

लहर शून्यावर नसताना कापली की 'खट्' येतो, हे तुम्हाला संपादनातून माहीत असेलच. आम्ही एरवी तो काढून टाकण्यासाठी कडेला पाच मिलिसेकंदांचा उतार देतो. या शाखेने तो दोष ठेवून घेतला, एवढेच नव्हे, त्यालाच तालवाद्य केले. १९९० च्या दशकात जर्मनीच्या 'ओव्हल' या गटाने अडखळणाऱ्या सीडींचे आवाज वापरून अल्बम केले. जपानी कलाकार यासुनाओ तोने तर १९८० च्या दशकापासूनच सीडीच्या तळाला बारीक छिद्रे पाडलेली चिकटपट्टी लावत होता. सीडीवरची माहिती लागोपाठ न ठेवता विखरून ठेवलेली असते आणि तिच्यासोबत चूक-दुरुस्तीचे जादा आकडे असतात. त्यामुळे लहान ओरखडा वाचणारे यंत्र स्वतःच भरून काढते. छिद्रे नेमकी एवढी असावी लागतात की दुरुस्तीचे गणित थिटे पडावे, पण यंत्र वाचणे सोडून देऊ नये. त्या चिंचोळ्या जागेत जो आवाज निघतो तो मूळ संगीताचाही नसतो आणि ओरखड्याचाही नसतो. तो त्या गणिताच्या पराभवाचा असतो. अमेरिकन संगीतकार किम कॅस्कोन याने २००० साली एका लेखात या सगळ्याला 'अपयशाचे सौंदर्यशास्त्र' असे नाव दिले.

माझे स्वतःचे अपयश कमी देखणे होते. एकदा एक लहर वर वर चढवत नेताना माझ्या प्रोग्रॅममधून तिच्याच जोडीला खाली उतरत येणारा एक सुरेख स्वर निघू लागला, आणि दोन दिवस मी काहीतरी नवीन सापडल्याच्या थाटात वावरलो. ते साधे 'अलायसिंग' होते. ४४,१०० सॅम्पलमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही, म्हणून ३०,००० हर्ट्झचा अंश आरशातून परतावा तसा १४,१०० हर्ट्झवर दिसत होता. मूळ लहर जितकी वर, तितके प्रतिबिंब खाली. चूक दुरुस्त केली, आणि आठवड्याने ती परत घातली, कारण तिच्यावाचून रचना रिकामी वाटत होती.

साशंक

सीडीविषयीचा खुलासा उत्तम. फक्त एक नोंदवतो की 'अपयश' हेही आता वेष्टनावर छापले जाऊ लागले आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'बिघाड' नावाचे तयार बटण असते, त्याने काढलेला 'खट्' कोणत्या गणिताचा पराभव ऐकवतो, हे मला कुणी समजावून सांगावे.

अर्धस्वर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री हेच करत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

स्पीकरवर १०० हर्ट्झ लावून खोलीत फिरले. मोजपट्टी सोबत ठेवली होती. स्वर पूर्ण नाहीसा कुठेच झाला नाही, पण भिंतीपासून हातभराहून थोडे पुढे तो इतका पातळ झाला की मी थांबून स्पीकरकडे पाहिले. बैठक मारली तर तिथेच तो पुन्हा वेगळा. उंचीचाही निस्पंद असतो हे माझ्या डोक्यात आले नव्हते. एक मिलिसेकंदाच्या तुकड्याचा प्रयोगही केला, आणि १० वरून १ वर येताना स्वर नेमका कुठे मरतो हे शोधत अर्धा तास गेला. ३ मिलिसेकंदांना तो आहे असे वाटते. पण मला तो आहे हे आधीच माहीत असल्यामुळे वाटते का, हे सांगता येत नाही.

मग माझ्या मनाने एक केले. हेडफोनच्या डाव्या बाजूला ४४० हर्ट्झ, उजव्या बाजूला ४४३. सेकंदाला तीन हलके हेलकावे ऐकू आले. एक बाजू कानावरून काढली की हेलकावे गेले. फाइलमध्ये ते कुठेच नाहीत. दोन्ही आलेख सरळ पट्टीसारखे आहेत. 'साशंक' यांच्या कसोटीला हे उतरते असे मी धरते, कारण इथे आकडे बदलले की हेलकाव्यांचा वेग ताबडतोब बदलतो.

एकच गोष्ट अडली आहे. त्याच नादात स्पीकरवर २००० आणि २४०० हर्ट्झ एकत्र वाजवले, तर खाली एक मंद गुणगुण ऐकू येते, जी मी घातलेलीच नाही. मोजून पाहिली तर ती ४०० हर्ट्झच्या जवळ आहे. आवाज कमी केला की ती आधी जाते. स्पीकर खराब झाला आहे का?

तरंगलांबी

दोन शक्यता आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात. दोन स्वरांच्या फरकाइतका तिसरा स्वर स्पीकरच्या सदोषपणामुळेही निर्माण होतो आणि कानामुळेही. कानाच्या आतली शंखाकृती नळी निष्क्रिय नसते. ती आलेला आवाज स्वतः वाढवते आणि तसे करताना त्याला किंचित मोडते. १९७८ साली डेव्हिड केम्प याने दाखवून दिले की कान स्वतःहून आवाज बाहेरही टाकतो आणि तो कानात बारीक मायक्रोफोन ठेवून टिपता येतो. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज याच तत्त्वावर करतात. अमेरिकन संगीतकार मेरियन अमाखर (१९३८-२००९) हिने या स्वरांवरच रचना केल्या. त्या मोठ्या आवाजात ऐकताना काही सूर समोरून न येता थेट डोक्याच्या आत वाजत असल्यासारखे वाटतात.

तुमचा ४०० हर्ट्झचा स्वर आवाज चढवल्यावरच येतो, हे दोन्ही शक्यतांशी जुळते. म्हणून असे करा. २००० हर्ट्झ डाव्या स्पीकरमधून आणि २४०० उजव्या स्पीकरमधून, असे पूर्ण वेगळे सोडा, म्हणजे दोन्ही स्वर स्पीकरच्या एकाच पडद्यावर कुठेच एकत्र येणार नाहीत. आवाज आहे तेवढाच ठेवा, फार चढवू नका. मग आणखी एका स्वरासाठी कान द्या: २००० च्या दुपटीतून २४०० वजा केले की १६०० उरतात, आणि हा स्वर कमी आवाजातही टिकतो. तो पकडणे अवघड जाते, म्हणून २४०० हळूहळू २५०० कडे सरकवा. वरचा स्वर चढत असताना जो एक स्वर उलट खाली उतरत जाईल, तो तो.

स्पीकर वेगळे केल्यावर ४०० गेला तर स्पीकर तपासून घ्या. तो राहिला, आणि मान वळवूनही त्याची दिशा सापडेना, तर स्पीकरला काही झालेले नाही.